तुकडा नेहमी उजव्या हाताला

माननीय यादवराव बोरसे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आप्पा, मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. आठ-नऊ वर्षं झाली त्याला. सामरवरणीजवळच्या आमच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात नवं प्लाझ्मा कटिंग मशीन बसलं होतं आणि ते चालवायला म्हणून मी, नुकताच डिप्लोमा पदरात पडलेली, रुजू झाले होते. लांबरुंद टेबल, त्यावर आपोआप सरकणारा टॉर्च, शेजारी संगणकाचा पडदा. पडद्यावर सगळं हिरवंगार, म्हणजे सगळं ठीक. माझी मान ताठ. इतक्यात दहा पावलांवर मशीनकडे पाठ करून चहा पीत बसलेले एक गृहस्थ मागं न वळता म्हणाले, "ताई, टिप गेली तुमची. बदलून घ्या."

टिप म्हणजे टॉर्चच्या टोकाला असलेलं तांब्याचं छोटं टोपण. त्याच्या बारीक भोकातून प्लाझ्माची ज्योत बाहेर पडते. "न बघता कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं. त्या विचारण्यात आदर नव्हता, ठसका होता, हे इथंच कबूल करून टाकते. "आवाज फाटला," एवढंच बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला. मी मशीन थांबवलं, टिप काढली. गोल भोक एका बाजूनं झिजून लंबगोल झालं होतं. पडदा अजूनही हिरवाच होता. आम्ही राजापूरची माणसं; एखादी गोष्ट का झाली हे कळल्याशिवाय आम्हाला अन्न पचत नाही. त्या दिवसापासून मी आप्पांच्या मागं लागले ती आजतागायत.

एकसष्टीच्या या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळानं मला लिहायला सांगितलं तेव्हा बजावलं होतं, की ताई, वाचणारे सगळेच कारखान्यातले नाहीत, शाळेतले गुरुजी आहेत, कचेरीतली मंडळी आहेत, त्यांना कळेल असं लिहा. तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दाबानं सोडलेल्या हवेतून विजेची ठिणगी गेली की ती हवा इतकी तापते की लोखंड लोण्यासारखं वितळतं, आणि तीच हवा ते वितळलेलं लोखंड खाली उडवून देते. याला प्लाझ्मा कटिंग म्हणतात. तोच टॉर्च माणसानं हातात धरला तर हातकटिंग; टेबलावर बांधून संगणकाच्या हुकमानं फिरवला तर मशीन कटिंग. आप्पा हातकटिंगवाले. अमळनेरजवळच्या गावातून ते तरुणपणी सिल्वासाला आले, आधी गॅसनं लोखंड कापत होते, आणि मी आले तेव्हा हातातल्या प्लाझ्मा टॉर्चला त्यांची वीस वर्षं झाली होती. एरवी ते आमच्याशी मराठी, गुजराती, हिंदी अशी सरमिसळ बोलतात. मन भरून आलं की मात्र अहिराणी.

मी रुजू होऊन दोन महिने झाले असतील. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ माणूस वाईट नव्हे, पण त्यांना जागा रिकामी दिसली की चैन पडत नाही आणि भरलेली दिसली की त्याहून नाही. म्हणाले, "मॅडम, एक पेज लिखो. हाथ का कटिंग और मशीन का कटिंग, फरक शुं छे? हातवाला विभाग रखना के बंद करना, वो भी लिखो." मी विचारलं, मग आप्पांचं काय? "आप्पाने गेट पर बेसाडी दईशुं. आराम से बैठेंगे."

म्हणजे एका पानावर एका माणसाचा हात तोलायचा होता, आणि तागडी माझ्याकडे. ज्या माणसाला पाठमोरं बसून टिप झिजल्याचं कळतं, त्यांनी उरलेली वर्षं येणाऱ्याजाणाऱ्या टेम्पोंचे नंबर वहीत उतरवायचे. पण मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते. मला वाटलं, आपण खरं काय ते मोजू आणि लिहू, बाकी आपल्याला काय करायचंय!

चाचणी घ्यायची म्हणून मी आप्पांकडे गेले आणि कशासाठी ते सरळ सांगून टाकलं. आप्पा चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं. मलाही बघायचंच होतं." एकाच जाडीच्या प्लेटमधून दोघांनी सारखेच तुकडे कापायचे ठरले. मी प्रश्न विचारत सुटले. पत्र्यापासून अंतर किती ठेवता? वेग कसा ठरवता? आप्पा उत्तर देईनात. त्यांनी हातमोजे आणि काळ्या काचेचा मुखवटा माझ्या हातात दिला, वर टॉर्च दिला. "इचारू नका, धरा. आणि ठिणग्या कुठं जातात ते बघा."

मी धरला. ठिणग्या वर माझ्याच अंगावर उडायला लागल्या. "घाई करताय," आप्पा म्हणाले, "प्लेट अजून आरपार कापलीच नाही." मी हळू केलं तर ठिणग्या सरळ खाली पडल्या, पण कडेला वितळलेल्या लोखंडाचा जाड थर चिकटला. "आता रेंगाळताय." ठिणग्या खालून किंचित मागं रेलून पडल्या पाहिजेत, तो खरा वेग, असं त्यांनी बोटानं तिरका कोन करून दाखवलं. मशीनला हे सगळं आकड्यांत भरून द्यावं लागतं. तेही पत्र्यापासून अंतर सांभाळतं, पण विजेचा दाब मोजून. आप्पा मनगट टेकवून सांभाळतात. दोन्ही तऱ्हा मला इतक्या गमतीच्या वाटल्या की जेवणाची सुट्टी झाली तरी मी टॉर्च सोडेना. शेवटी आप्पांनीच तो काढून घेतला.

चाचणीत मशीन जिंकलं. उगाच शब्द फिरवत नाही. वेगात जिंकलं, सारखेपणात जिंकलं. मशीनचा शंभरावा तुकडा पहिल्यासारखाच होता. आप्पांचे जेवणानंतरचे तुकडे सकाळच्यांपेक्षा जरा ढिले होते. मशीनची भोकं गोल, आप्पांच्या एका भोकाला कळेल न कळेल असा पोक आलेला. मला तो दिसलाही नव्हता. आप्पांनी खिशातून खडू काढला आणि त्या तुकड्यावर स्वतः मोठी फुली मारली. ही त्यांची रीत आहे. आपला चुकलेला तुकडा दुसऱ्या कुणी शोधायच्या आधी आपणच फुली मारून बाजूला ठेवायचा. "फुली मारून कशाला दाखवता? घासून सरळ केलं असतं," मी म्हटलं. "घासल्यावर मला कसं कळणार कुठं चुकलो ते?" ते म्हणाले.

मी पान लिहिलं. इंग्रजीत, टाइप करून, तक्ता आखून. खाली शेवटची ओळ लिहिली, की हातकटिंग विभागाची यापुढे आवश्यकता नाही. पहिली प्रत छापताना कागद तिरका गेला आणि कडेची अक्षरं कापली गेली, म्हणून ती चुरगाळून मशीनशेजारच्या भंगाराच्या पेटीत टाकली. दुसरी नीट आली. ती खणात ठेवली, सोमवारी शेठना द्यायची म्हणून. शेवटच्या ओळीशी थोडी चलबिचल झाली होती, नाही असं नाही. पण आकडे माझ्या बाजूनं होते.

आणि शनिवारी माझ्या मशीननं माझी खोड मोडली.

कन्व्हेयरच्या सांगाड्याला लागणारे ब्रॅकेट कापायचे होते, निम्मे उजव्या बाजूचे, निम्मे डाव्या. डावा म्हणजे उजव्याची आरशातली प्रतिमा. सकाळी उजवे कापले. फिटरनी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून पाहिला, कडा काटकोनात, एकदम झकास. मग मी पडद्यावरचं चित्र पलटवायचं बटण दाबलं आणि डावे कापले. थोड्या वेळात फिटर दोन ब्रॅकेट घेऊन आले. डाव्यांच्या सगळ्या कडा तिरक्या होत्या, जोडायला ठेवले की मध्ये फट. मी टिप बदलली. हवेचा दाब पाहिला. वेग, उंची, विजेचा प्रवाह, सगळं सकाळचंच. प्लेटही तीच, सकाळी उरलेली. पुन्हा एक डावा कापला, पुन्हा तिरका. चार वाजता शेठ गिऱ्हाइकाला घेऊन माल बघायला येणार होते. उजवे सरळ आणि डावे तिरके, असं कसं होईल? लोखंडाला डावं-उजवं कळतं का? डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी पडद्यात तोंड खुपसून उभी होते.

आप्पा आपल्या कोपऱ्यातून उठून आले. कुणी बोलावलं नव्हतं. मला वाटलं ब्रॅकेट हातात घेतील. त्यांनी ब्रॅकेटकडे पाहिलंच नाही. ते टेबलापाशी गेले, तुकडे काढून घेतल्यावर प्लेटची जी जाळी उरते ती उचलली, आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग मला हाक मारली. "ताई, हाई देखा. भंगाराची धार किती सरळ आहे!"

मी गुण्या लावला. जाळीची कड अगदी काटकोनात होती. जी कड ब्रॅकेटला यायला हवी होती, ती भंगारात गेली होती.

"सकाळी टॉर्च कुठल्या अंगानं फिरत होता?" त्यांनी विचारलं. "घड्याळाच्या काट्यासारखा." "आणि आता?" मी ज्योत न पेटवता मशीन नुसतंच फिरवून पाहिलं. टॉर्च उलटा फिरत होता! चित्र पलटवलं तेव्हा चित्राबरोबर रस्ताही पलटला होता, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "मी कापताना कामाचा तुकडा नेहमी उजव्या हाताला ठेवतो. डाव्या बाजूला भंगार. उलटं केलं की धार बिघडते. वीस वर्षांत एकदाही चुकलं नाही हे."

मी रस्ता सुलटा केला, एक डावा ब्रॅकेट कापला. काटकोन! मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या, चारचौघांत. मग आप्पांच्या खिशातला खडू मागून घेतला आणि बिघडलेल्या प्रत्येक ब्रॅकेटवर स्वतः फुली मारली. चारला शेठ आले तेव्हा नवे डावे निम्मे कापून झाले होते आणि फुल्यांचा ढीग समोर होता. "आ कोणे कर्यु?" शेठनी विचारलं. मी म्हटलं, "मी बिघडवले, मीच फुली मारली. शोधून आप्पांनी दिलं." गिऱ्हाईक हसून पुढं गेलं, शेठ त्याच्या मागोमाग. संध्याकाळपर्यंत माल पुरा झाला.

पण माझं अन्न पचायचं होतं ना अजून! तुकडा उजव्या हातालाच का? आप्पांना विचारलं तर म्हणाले, "का ते माहीत नाही. तसंच असतं." रविवारी घरी बसून मी मशीनबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक पालथं घातलं, आणि सोमवारी सकाळी आप्पांच्या समोर त्यांचाच टॉर्च खोलून बसले. आत एक बोटाच्या पेराएवढी कडी असते. तिला तिरकी बारीक भोकं. हवा त्या भोकांतून जाताना भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, म्हणून ज्योतही फिरते. फिरणारी ज्योत पुढं सरकली की उजव्या बाजूची कड सरळ कापली जाते आणि डावी तिरकी. हात असो, मशीन असो, दोघांना हाच नियम. मी कडीत फुंकर मारून दाखवलं, कागदावर चित्र काढून दाखवलं.

आप्पांनी ती कडी चिमटीत धरली, उजेडाकडे केली, बराच वेळ भोकं बघत राहिले. मग म्हणाले, "वीस वरीस व्हई गयात, ताई. मले वाटे, माना डावा हातच कच्चा शे."

वीस वर्षं. त्या माणसाला वाटत होतं की डाव्या बाजूची कड तिरकी येते तो दोष आपला आहे. आपला डावा हात टॉर्चला आधार देताना कुठं तरी ढळतो म्हणून. तो दोष झाकला जावा म्हणून त्यांनी तुकडा उजवीकडे ठेवायची शिस्त लावून घेतली होती, आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. मी भंगारात पडलेल्या एका जुन्या टॉर्चची झिजलेली कडी आणून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "ही ठेवा तुमच्याकडे." ते हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी खणातलं पान फाडलं आणि दुसरं लिहिलं. त्यात मशीनचं श्रेय एका आकड्यानंही कमी केलं नाही. आप्पांना ते आवडलं नसतं. एकसारखे पुष्कळ तुकडे, गोल भोकं, मोठ्या प्लेटा, हे मशीनचंच काम. पण मशीनपाशी पत्रा आणावा लागतो. हात पत्र्यापाशी जातो. आणि मशीन कुठं चुकलं हे सांगायला स्वतःच्या हातानं लोखंड कापणारं कुणी तरी माणूस लागतं, हे मी त्या पानावर ठळक लिहिलं. हातकटिंग विभाग राहावा, आणि मशीनवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसानं पहिला महिना आप्पांच्या हाताखाली काढावा, अशी शेवटची ओळ. शेठनी वाचलं, डोकं खाजवलं. "महिना बहु लांबा छे," म्हणाले. पंधरा दिवसांवर तडजोड झाली. आप्पा गेटवर बसले नाहीत.

"हात पत्र्यापाशी जातो" हे मी तेव्हा नुसतंच लिहिलं होतं, पाहिलं नंतर. खानवेलकडच्या एका शाळेची पाण्याची लोखंडी टाकी तळाशी गंजून गेली होती. टाकी उंच चौथऱ्यावर, उतरवायची म्हटली तर मोडणार. तिथल्या बाई माझ्या आईच्या ओळखीच्या, म्हणून निरोप माझ्याकडे आला. मी आप्पांना विचारलं, तर रविवारी ते स्वतः छोटं यंत्र, कॉम्प्रेसर आणि जनरेटर टेम्पोत घालून हजर. आप्पांचा रविवार म्हणजे दुधनीला पाण्याकाठी गळ टाकून बसायचा, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या त्यागाची किंमत कळेल! त्यांनी तिथल्या तिथं टाकीचा गंजलेला तळ वर्तुळात कापून काढला, आणि नवा तळ बसवून झाल्यावर पाणी भरेपर्यंत हलले नाहीत. बाईंनी मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "मासे असते तर तेच घेतले असते." दुपारी तिथंच पोरांच्या पंगतीत जेवले.

आप्पांकडे पंधरा दिवस काढून गेलेले आज सिल्वासातल्या कितीतरी कारखान्यांत मशीनं चालवतात. सगळे खिशात खडू ठेवतात. मीही ठेवते. रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी आधी सोडायचं, मगच टॉर्चला हात लावायचा, हेही आप्पांचंच. ओली हवा टिपा खाते. मशीन हे सांगत नाही.

आता एक गोष्ट, जी मलाही गेल्या महिन्यात कळली. या ग्रंथासाठी जुने फोटो मागायला मी आप्पांच्या घरी गेले होते. आक्कांनी, म्हणजे आप्पांच्या सौभाग्यवतींनी, चहाबरोबर पत्र्याचा एक डबा समोर ठेवला. "तुमच्या आप्पांची इस्टेट," म्हणाल्या. फोटो होतेच. ती झिजलेली कडी होती. आणि कडीखाली घडी घातलेला, चुरगाळून पुन्हा हातानं सरळ केलेला एक कागद. उघडला तर इंग्रजी टाइप, आखलेला तक्ता, कडेची अक्षरं कापली गेलेली. शेवटची ओळ मात्र पूर्ण होती, की हातकटिंग विभागाची यापुढे आवश्यकता नाही.

आप्पा भंगाराची पेटी रोज बघतात, काय वाया जातंय ते बघायची त्यांना खोडच आहे, हे मी विसरले होते. "हा तुम्हाला कधी सापडला?" मी विचारलं. आक्काच बोलल्या, "त्या ब्रॅकेटांच्या आदल्या दिवशी. लेकीनं वाचून दाखवला. रात्री जेवले नाहीत नीट."

म्हणजे त्या शनिवारी आप्पा आपल्या कोपऱ्यात बसून सगळं बघत होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं. ते नुसते बसून राहिले असते तरी चाललं असतं. चार वाजता शेठ आले असते, मशीन तोंडावर पडलं असतं, आणि माझं पान खणातच राहिलं असतं. काही करायचीही गरज नव्हती.

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं. तरी आलात?" माझा आवाज फाटला होता, आणि तो त्यांना कळला असणारच.

आप्पांनी बशीतला चहा संपवला. "तू खरं लिखेल व्हतं," ते म्हणाले. "आणि तुकडा ते वाकडाच ई राहिंता ना!" तुकडा तर वाकडाच येत होता, एवढंच त्यांचं कारण.

इतकी वर्षं अहोजाहो करणाऱ्या आप्पांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा एकेरी हाक मारली. आप्पांपुढं मी वयानं, हातानं आणि मनानं लहान आहे. मी त्यांना काय आशीर्वाद देणार? मागणं तेवढं मागते. त्यांचा हात असाच स्थिर राहो, डावाही आणि उजवाही. दुधनीच्या पाण्यात त्यांच्या गळाला मासे लागोत. त्यांना आणि आक्कांना आणखी खूप वर्षं निरोगी, हसतीखेळती लाभोत. आणि माझ्या भंगाराच्या पेटीत आप्पांनी रोज सकाळी असंच डोकावत राहावं, कारण मी अजून चुका करते, आणि फुली मारायला विसरले तर सांगणारं दुसरं कुणी नाही.